बारावं बुबुळ

बुधवार, ४ मार्च

प्रिय टाचणी,

शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, पत्रात आधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी, मग आपली खुशाली आणि सगळ्यात शेवटी मागणी. मागणी वर आली की ते पत्र राहत नाही, त्याचा अर्ज होतो. म्हणून आधी विचारते, कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? तुझ्या भाचीनं पत्ता दिला. तू तळमजल्यावर राहायला गेलीस हेही तिनंच सांगितलं. बरं केलंस.

मी ठीक आहे. अक्षर अजून तसंच आहे, बघतेसच. हात मात्र सकाळी थोडा कापतो, चहा पोटात गेला की गप्प बसतो.

आपण शेवटचं भेटलो ते आमच्या ह्यांच्या आजारपणात. तू दहा मिनिटं बसलीस आणि पाणीही न घेता उठलीस. हे गेल्याला आता सहा वर्षं झाली. कारखाना मीच चालवते. कारखाना म्हणजे तीन खोल्यांचाच. ज्यांचा एक डोळा अपघातात किंवा आजारात गेला आहे, त्यांच्यासाठी आम्ही नकली डोळा बनवतो. मेणाचा साचा घ्यायचा, त्यावरून प्लॅस्टिकचा पांढरा गोल ओतायचा, त्यावर तांबड्या रेशमाच्या केसाएवढ्या धाग्यांनी शिरा बसवायच्या आणि मधे रंगवलेलं बुबुळ. घासून चकाकी आणायचं काम पॉलिशवाल्या मामांचं. ते ह्यांच्या वेळेपासून आहेत आणि मला अजून नवीनच समजतात.

बुबुळ रंगवणं ही खरी विद्या. ती मला येत नाही. आपल्याकडे फारशी कुणालाच येत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी सरकारच्या त्या योजनेतून परदेशातली एक कारागीर मागवली. 'तात्पुरता कुशल कामगार परवाना' असं त्या योजनेचं भलंमोठं नाव. आम्ही ह्या कारागीर बाईला रंगवाली म्हणतो, चिमुकले पेशंट रंगवाली मावशी म्हणतात. वय चौतीस. ती माणसाला उत्तरेच्या खिडकीशी बसवते, शेजारी आपली रंगांची बशी घेऊन बसते, आणि त्याच्या शाबूत डोळ्यात इतकं निरखून बघते की एकदा एक म्हातारे गृहस्थ लाजून म्हणाले, "बाई, माझं लग्न झालंय हो." ती भाषा शिकतच होती तेव्हा. म्हणाली, "हरकत नाही, मान हलवू नका." मामा आठवडाभर हसत होते.

आता मागणी.

सरकारला ही परवान्याची योजना सुधारायची आहे. त्यासाठी समिती नेमली आहे, आणि 'योजनेचा चांगला वापर करणाऱ्या मालक' म्हणून मला चोवीस तारखेला बोलावलं आहे. दहा मिनिटं बोलायचं आणि लेखी सूचना द्यायच्या. टाचणी, तू तीस वर्षं सरकारी कचेरीत नियमांचे मसुदे लिहिलेस. सूचना कशी लिहितात? 'असं करा' म्हणायचं की 'असं केल्यास बरे होईल'?

माझ्या डोक्यात आहे ते सांगते. एक म्हणजे त्यांच्या कामांच्या यादीत डोळे बनवणारे नाहीतच. म्हणून रंगवालीला त्यांनी 'रंगारी' या रकान्यात घातलं. परवान्याच्या पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "शिडीवर चढायची सवय आहे ना?" ती म्हणाली, "माझा ब्रश पापणीच्या केसाएवढा आहे." त्यांनी लिहिलं, 'शिडी: नाही', आणि तिचे गुण कापले. दुसरं म्हणजे परवान्यावरच्या शिक्क्यासाठी दर तीन महिन्यांनी तिला स्वतः रांगेत उभं राहावं लागतं. एक खुर्ची नाही तिथे. तिसरं, एकच माहिती तीन फॉर्मांत. चौथं काहीतरी होतं, आत्ता आठवत नाही.

तिचा परवाना वीस एप्रिलला संपतो. तिचा एक कागद माझ्याकडे सहीला आलेला आहे, तोही बघायचा आहे. कामं फार साठलीत.

तू मला मॉनिटर म्हणायचीस ते कालच आठवलं. शनिवारी बाहेर जाणाऱ्या मुलींची ती निळी वही, आठवते? मी नाव लिहायचं, सिस्टरकडे न्यायचं, त्यांनी सही करायची. काय रुबाब होता माझा! होस्टेलच्या फरशीला मेणाचा वास यायचा, आणि आपण दोघी मोजे घालून घसरत जायचो. असो.

उत्तर लवकर दे.

तुझी,
मॉनिटर


बुधवार, १८ मार्च

प्रिय टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी पत्र आणि त्यात तीन ओळी! पहिली, गुडघे बरे आहेत. दुसरी, 'सूचना एका वाक्यात एकच लिहावी.' आणि तिसरी, 'तो कागद कसला आहे आणि तो बघायला काय अडचण आहे?'

तू कचेरीत असताना लोक तुला घाबरत असतील गं.

सांगते. पण आधी कंडक्टरची गोष्ट ऐक, कारण ती ह्यातच येते.

मागच्या आठवड्यात सोमवारी रंगवाली शिक्क्याच्या रांगेत गेली होती. आभाळ भरून आलेलं. इतक्यात बसचे एक कंडक्टर आले, त्यांना संध्याकाळी गावाला जायचं होतं, डोळा आजच हवा. मला वाटलं, चार वर्षं शेजारी बसून बघतेय, मला का येऊ नये? खिडकीतून उजेड नव्हता, म्हणून ट्यूबलाइट लावली आणि रंगवलं. इतकं छान जमलं की माझी मीच हरखले. कंडक्टर खूश होऊन गेले. शनिवारी ऊन पडलं आणि परवा ते परत आले. उन्हात त्यांचा एक डोळा पिंगट आणि एक चक्क हिरवा! ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात फिरतो, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मामा म्हणाले, "राहू द्या की. एक डोळा थांब म्हणेल, दुसरा चल म्हणेल, घंटी मारायची गरज नाही." कंडक्टरही हसले, पण बिचाऱ्यांना दोन दिवस कामावर गॉगल लावून जावं लागलं. रंगवालीनं त्यांना खिडकीशी बसवलं आणि दुपारपर्यंत नवं बुबुळ करून दिलं.

आता कागद.

परवाना माणसाच्या नावावर असतो असं मला वाटायचं. तसं नाही. तो मालकाच्या नावावर असतो, माणूस त्यात नुसता लिहिलेला असतो. तिला दुसरीकडे काम धरायचं तर आधीच्या मालकानं 'आमची हरकत नाही' असं पत्र द्यायचं, तेही परवाना संपायच्या तीस दिवस आधी कचेरीत पोचलं पाहिजे. नाहीतर तिनं मायदेशी परत जायचं आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळानं तिला बोलावलं आहे. नऊ फेब्रुवारीला तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. पगाराचं म्हणशील तर तो काही फार जास्त नाही. कारण वेगळं आहे. माझ्यासारख्या लहान कारखान्यातल्या कामगाराला घरचं माणूस आणता येत नाही, इस्पितळातल्याला येतं. तिची एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, आजीकडे असते. ती पाच वर्षांची असताना ही इकडे आली. जेवणाच्या सुट्टीत फोनवर दोघी बोलतात. मुलगी फोन डोळ्याला चिकटवते आणि विचारते, "आज माझा रंग कोणता?" आणि ही रोज काहीतरी वेगळा सांगते. मधाचा. ओल्या लाकडाचा. मी शेजारच्या खोलीत डबा उघडत असते, सगळं ऐकू येतं.

तर असं असूनही तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

का, ते मला नीट कळत नाही, खरंच. खोटं बोलत नाहीये. शाळेच्या सुट्टीत अकरा मुलं येणार आहेत. मुलांची डोळ्याची खोबण वाढते, जुना डोळा लहान होतो, वर्षा-दोन वर्षांनी नवा लागतोच. ती गेली तर त्यांचं कोण करणार? मी? हिरव्या डोळ्यावरून वर्गातली पोरं कशी चेष्टा करतील? हे कारण खरं आहे. पण मग मनात येतं, हे कारण खरं असेल तर मी तिला ते तोंडावर का सांगितलं नाही? "दोन महिने थांबशील का?" एवढंच तर विचारायचं होतं. विचारलं नाही. तिनं तीनदा आठवण केली. "बाई, तो कागद?" मी म्हणते, "हो हो, बघते." चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही. मी चिडले तर नूतनीकरणाचीही माझीच सही लागते, हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, की मलाही माहीत होतं.

चार वाजता ती दोघींचा चहा करते. माझ्या कपात साखर अर्धा चमचा घालते, आणि विचारत नाही. हे गेल्यापासून न विचारता माझं काही जाणणारं कुणी नव्हतं गं.

शनिवारी एकवीस तारीख, तो शेवटचा दिवस. आज बुधवारच आहे. उद्या नक्की करते.

समितीसाठी सूचना लिहून झाल्या. एका वाक्यात एक. खुर्च्यांची पहिली आहे.

तुझी,
मॉनिटर


शनिवार, २५ एप्रिल

प्रिय टाचणी,

महिनाभर लिहिलं नाही. तू विचारलंही नाहीस. बरोबरच आहे. तुझ्या तिसऱ्या ओळीचं उत्तर तुला मिळालंच होतं.

गुरुवारी सही केली नाही. शुक्रवारी संध्याकाळी केली. त्याला अगदी सुंदर अक्षरात पत्रही जोडलं, तिच्या कामाची इतकी तारीफ केली की मलाच भरून आलं. पर्समध्ये ठेवलं. शनिवारी कचेरी बंद असते, मला वाटलं मुदत आपोआप सोमवारवर जाईल. सोमवारी मी एकटीच कचेरीच्या खिडकीशी गेले. आतल्या बाईनं कागद पाहिला, कॅलेंडर पाहिलं, मला पाहिलं.

"मुदत शनिवारची होती."

"पण शनिवारी तुम्ही बंद होतात."

"म्हणून लोक शुक्रवारी आणतात. काही लोक तर फेब्रुवारीतच आणतात, बाई."

तिला काही माहीत नव्हतं, ती सहजच बोलली. पण मला वाटलं, सगळ्या कचेरीला माहीत आहे.

घरी आले. रंगवालीला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या समितीपुढे जायचंच आहे, तिथले मोठे साहेब काहीतरी मार्ग काढतील, मग सांगू, चांगली बातमीच सांगू. हे मला तेव्हा खरोखर शहाणपणाचं वाटलं होतं.

मंगळवारी ती माझ्याबरोबर आली. मीच म्हटलं होतं, चल सोबतीला. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, पंधराएक माणसं. ती मागे भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. माझ्या सूचना मी वाचल्या. खुर्च्यांवर सगळ्यांनी माना डोलावल्या. शिडीच्या गोष्टीवर हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "असे मालक असते तर समितीच नेमावी लागली नसती." आणि मग चष्मा पुसत सहज विचारलं, "आधीच्या मालकाच्या पत्राची अट आहे, ती ठेवावी की काढावी?"

चौथी सूचना, जी मला आठवत नव्हती, ती ही होती.

मी म्हटलं, "काढावी."

"कारण?"

"माझ्यासारख्या बायका असतात म्हणून."

पुन्हा हसले सगळे. त्यांना विनय वाटला. मग मी सांगितलं. नऊ फेब्रुवारी, खण, तिनं तीनदा केलेली आठवण, शुक्रवारची सही, सोमवारची खिडकी. टिपणं घेणाऱ्या तरुणानं पेन थांबवून विचारलं, "बाई, हे... लिहायचं का?" मी म्हटलं, "लिही बाबा."

एक सभासद जरा तिखट होते. म्हणाले, "पत्राची अट काढली आणि कामगार उद्या सकाळी निघून गेला, तर तुमच्या त्या अकरा मुलांचं काय?"

"माहीत नाही."

"तुम्हाला सूचना द्यायला बोलावलंय."

मी ग्लासावरचं झाकण काढून दोन घोट पाणी प्यायले. मग म्हटलं, "तिनं दोन महिने आधी मला सांगावं. सांगावं, विचारू नये. आणि त्या दोन महिन्यांत मी काय करायचं ते मी बघावं." त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या परवान्याचं, म्हणजे तिच्या, काही होईल का असं मी विचारलं. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "आम्ही पुढचे नियम सुचवतो, बाई. मागचे कागद आमच्याकडे नाहीत."

मी मागे वळून पाहिलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं. सोमवारचं तिला ठाऊकच नव्हतं. तिथे, पंधरा परक्या माणसांच्या मागे बसून, तिला ते पहिल्यांदा कळलं.

बसथांब्यावर ती म्हणाली, "तिकडे सांगितलंत. मला आधी सांगायचं होतंत."

मी "हो" म्हटलं. बस आली, आम्ही चढलो, तिनं मला खिडकीची जागा दिली. नेहमी देते. हा राग होता की सवय, मला कळलं नाही. अजून कळत नाही.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे ती ओरडली नाही, रडली नाही, चहाही चुकवला नाही. साखर अर्धाच चमचा. इस्पितळानं वर्षअखेरपर्यंत तिची जागा राखून ठेवली आहे. आता मायदेशी जाऊन नवा अर्ज करायचा, तो मंजूर व्हायला सात-आठ महिने लागतात म्हणे. म्हणजे होईलही, किंवा थोडक्यात हुकेल. तिनं मुलीला फोनवर सांगितलं ते मी ऐकलं. मुलीला आनंदच झाला, आई घरी येणार म्हणून! इकडे यायचं लांबलं, हे तिच्या गावीही नव्हतं. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी डबा तसाच झाकला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं त्या अकरा मुलांच्या घरी फोन केले. मला विचारलं नाही, सांगितलं. "बाई, शाळा बुडेल त्यांची, पण मी बोलावलंय." चार दिवस उत्तरेच्या खिडकीत पोरांची रांग. मामा त्यांना गोळ्या वाटायचे आणि दटावायचे, "हलशील तर वाघाचा डोळा बसवीन." एक पोरगा मुद्दाम हलला.

एकोणीसला, रविवारी, ती गेली. मामांनी बॅग उचलली. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. गाडीच्या पायरीवर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ट्यूबखाली रंगवू नका, बाई." एवढंच.

सोमवारी तिच्या टेबलावर पत्र्याची डबी होती, आत कापसाचे बारा कप्पे. अकरांत अकरा बुबुळं, प्रत्येकावर मुलाचं नाव, दिवस आणि 'ढगाळ' किंवा 'ऊन'. आता मला फक्त ओतायचं आणि बसवायचं आहे, तेवढं येतं मला. बाराव्या कप्प्यातही एक होतं, चिठ्ठीवर नाव नाही. तपकिरी, कडेला करडी झाक, जशी वयानं येते. मला वाटलं जुनं कुणाचं तरी राहिलं असेल. खिडकीत नेलं, आरसा घेतला, डोळ्याशेजारी धरलं.

माझंच होतं, टाचणी. उन्हात, सावलीत, कुठेही धरलं तरी माझंच. मला कधी खिडकीशी बसवलं नव्हतं तिनं. चहा देता देता बघितलं असेल.

मामांना दाखवलं. म्हटलं, "हे तिनं प्रेमानं केलंय की मला टोचायला?" मामा म्हणाले, "काम चोख आहे." आणि पुन्हा घासायला बसले. तू सांग. तू ह्या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार. मी रोज ते बाहेर काढते, रोज वेगळं वाटतं.

समितीचा अहवाल आला आहे. खुर्च्या मंजूर. मालकाच्या पत्राची अट पुढच्या वर्षापासून काढावी असं लिहिलं आहे. खाली बारीक अक्षरात, 'एका मालकिणीच्या बाबतीत सहीस विलंब झाल्याचे निदर्शनास आले.' विलंब झाला म्हणे! पावसासारखा आपला आपण झाला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

आठवीतला शनिवार. तुझे बाबा तीन वर्षांच्या करारावर परदेशी कामाला निघाले होते आणि जाताना तुला दुपारभर बाहेर नेणार होते. तू आदल्या दिवशी निळ्या वहीत नाव घालायला सांगितलंस. मी तुला दुपारी सांगितलं की सिस्टरनी सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. तू चार वर्षं सिस्टरशी धड बोलली नाहीस.

सिस्टरनी काही रद्द केलं नव्हतं. वही त्यांच्याकडे गेलीच नाही. ती माझ्या बाकात होती. मला एकटीला त्या मोठ्या खोलीत शनिवार काढायचा नव्हता, बस एवढंच. वरच्या खिडकीतून मी तुझ्या बाबांना फाटकाशी उभं पाहिलं. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते घड्याळ बघत होते आणि पहारेकऱ्याशी हसून बोलत होते. बराच वेळ. मग गेले. आणि मी खाली आले आणि तुला म्हटलं, चल, मोजे घालून घसरूया. तू आलीस.

तू हे ओळखलं असशील. कदाचित तेव्हाच, कदाचित कार्डावरची तिसरी ओळ लिहिताना. मला माहीत नाही. पाणी न घेता उठलीस ते गुडघ्यांमुळे की ह्यामुळे, हेही माहीत नाही. मी क्षमा मागतेय का तेही नक्की कळत नाही, कारण मागितली की तू द्यायला बांधली जाशील, आणि तुला पुन्हा एकदा अडवून धरायचं नाही मला.

तेव्हा उत्तर दिलंस तर दे, नाही तर नको. फक्त एक कधीतरी सांग, त्या कागदात काय होतं ते बाबांनी परत आल्यावर तुला दिलं का?

तुझी,
वही अजून बाकात ठेवून बसलेली,
मॉनिटर